संगणक मध्येच बंद पडतोय? आधी रॅम बघा
घरी जोडलेला संगणक निळी स्क्रीन दाखवून रीस्टार्ट होत असेल, तर नवीन पार्ट घ्यायला लगेच इंदूरच्या जेल रोडवर धावू नका. बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम जास्त वेगाने चालवणारी सेटिंग, चालू असेल तर बंद करून दोन दिवस बघा. तरीही तेच झालं, तर पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम रात्रभर चालवा. एक जरी एरर आली तरी ती सोडून देऊ नका. प्लग काढा आणि रॅमची एकेक पट्टी आळीपाळीने एकाच स्लॉटमध्ये (खाचेत) लावून तपासा. सोनेरी टोकं खोडरबराने हलकेच पुसा, कण झटका, स्लॉटचा खटका 'खट्ट' वाजेपर्यंत पट्टी दाबा. माझी पट्टी एका बाजूने केसभर वर राहिली होती, आठवडा त्यातच गेला! विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमधली (संगणकातल्या घडामोडींच्या नोंदवहीतली) कर्नल-पॉवर ४१ ही नोंद बघून पॉवर सप्लाय मात्र बदलू नका. संगणक नीट बंद झाला नाही, एवढंच ती सांगते.