आयआर आणि मास स्पेक्ट्रम एकत्र वाचून कंपाउंड कसं ओळखायचं

समजा मास स्पेक्ट्रममध्ये, म्हणजे रेणूचं आणि त्याच्या तुकड्यांचं वजन दाखवणाऱ्या ग्राफमध्ये, मॉलिक्युलर आयन (न तुटलेला अख्खा रेणू) १२० वर आणि बेस पीक (सगळ्यात उंच पीक) १०५ वर आलाय. एवढ्यावरून कंपाउंडचं नाव सांगता येईल का? नाही येणार, कारण क्युमीनचं वजन पण १२० आणि असिटोफिनोनचं पण १२०, दोघंही १५ चा मिथाइल टाकून देतात आणि १०५ वर येतात. आता आयआर घ्या, म्हणजे कुठले बाँड आहेत ते दाखवणारा इन्फ्रारेडचा ग्राफ (त्याचे सगळे आकडे cm⁻¹ मध्ये), १६८६ ला खणखणीत पीक दिसतंय म्हणजे कार्बोनिल (कार्बन-ऑक्सिजनचा डबल बाँड) आहे, आणि क्युमीनमध्ये तर ऑक्सिजनच नाही, झालं, क्युमीन बाद. म्हणून माझं म्हणणं असं की हे दोन कागद कधी वेगवेगळे वाचूच नका, शेजारी ठेवून वाचा, एकाने शंका काढायची आणि दुसऱ्याने ती मिटवायची.

सुरुवात आयआरने करा. ४००० ते ४०० चा ग्राफ समोर आला की बरेच जण डावीकडून एकेक पीक ओळखत बसतात, ते करू नका, प्रत्येक पीकला नाव देता येतच नाही आणि त्याची गरजही नसते. आधी थेट १६५० ते १८०० मध्ये बघा, कार्बोनिल आहे की नाही. साधा किटोन १७१५ च्या आसपास, एस्टर १७३५ ते १७५०, अमाइड १६९० च्या खाली. बेंझीन रिंग किंवा डबल बाँड शेजारी असला की आकडा २०-३० ने खाली येतो, आणि रिंग लहान होत गेली की वर जातो, सायक्लोहेक्झानोन १७१५ ला तर सायक्लोपेंटानोन १७४५ ला. मग ३००० च्या रेषेवर या, तिच्या जरा डावीकडे छोटी पीक्स असतील तर डबल बाँडवरचे किंवा रिंगवरचे हायड्रोजन, उजवीकडे असतील तर साधे सॅच्युरेटेड. २१०० ते २२६० मध्ये काही असेल तर ट्रिपल बाँड. २७२० आणि २८२० ची जोडी दिसली तर अल्डिहाइडचा विचार करा. २५०० पासून ३३०० पर्यंत पसरलेला मोठा पट्टा आणि सोबत कार्बोनिल, म्हणजे कार्बोक्झिलिक ॲसिड. १५०० च्या खालचा फिंगरप्रिंटचा भाग (प्रत्येक कंपाउंडचा वेगळा असतो) सध्या सोडून द्या, तो शेवटी लागतो.

इथे एक गोष्ट मनापासून सांगतो, जे पीक नाहीये त्यावर जास्त विश्वास ठेवा. १७०० च्या आसपास काहीच नसेल तर कार्बोनिल नाही, हे छातीठोक सांगता येतं. पीक असणं मात्र फसवू शकतं. केबीआर (पोटॅशियम ब्रोमाइड, ज्यात नमुना मिसळून आयआर घेतात) हवेतलं पाणी ओढतं, त्यामुळे ३४०० ला रुंद फुगवटा येतो आणि आपण अल्कोहोल समजून बसतो, मी स्वतः एकदा त्यापायी दोन दिवस चुकीच्या दिशेने गेलो होतो. तेव्हापासून १०५० ते १२०० मध्ये सी-ओ चं ठळक पीक सापडल्याशिवाय मी अल्कोहोल मानत नाही. तसंच एटीआरचा (नमुना थेट क्रिस्टलवर ठेवून आयआर घ्यायची पद्धत) क्रिस्टल असिटोनने पुसला आणि नीट वाळू दिला नाही तर १७१५ ला त्या असिटोनचंच पीक येतं, आणि २३५० च्या जवळ दिसतो तो बहुतेक वेळा हवेतला कार्बन डायऑक्साइड.

आता मास. आधी विचारून घ्या आयोनायझेशन (रेणूला चार्ज द्यायची पद्धत) कुठलं होतं, कारण ७० इलेक्ट्रॉन व्होल्टच्या ईआयमध्ये (इलेक्ट्रॉनचा मारा करून) मॉलिक्युलर आयन म्हणजे खरं वजन, पण ईएसआयमध्ये (इलेक्ट्रोस्प्रे) हायड्रोजन चिकटून बहुधा १ जास्त दिसतो, सोडियम चिकटलं तर २३ जास्त. पुढचं सगळं मी ईआय धरून सांगतोय. सगळ्यात उजवीकडचा ठळक पीक शोधा, पण तोच मॉलिक्युलर आयन असं लगेच धरू नका, अल्कोहोलमध्ये तो अनेकदा दिसतच नाही, १८ चं पाणी आधीच निघून गेलेलं असतं. वरून पुढचा पीक ५ ते १३ ने कमी असेल तर काहीतरी गडबड आहे, एवढं वजन सहजासहजी कुठला तुकडा घेऊन जात नाही. वजन विषम आलं तर नायट्रोजनची संख्या विषम. एम म्हणजे मॉलिक्युलर आयन, त्याहून २ ने जड एम+२ चा पीक एमच्या जवळजवळ बरोबरीचा असेल तर ब्रोमीन, तिसऱ्या हिश्शाएवढा असेल तर क्लोरीन, हे इतकं स्पष्ट दिसतं की नवख्यालाही चुकत नाही. एमच्या तुलनेत एम+१ ची टक्केवारी १.१ ने भागली की कार्बन किती ते साधारण कळतं, फक्त मॉलिक्युलर आयन फार बारीक असेल तर या हिशोबावर विसंबू नका.

आपल्या १२० वाल्या उदाहरणात एम+१ साधारण ८.८ टक्के, म्हणजे ८ कार्बन. त्यांचे ९६ झाले, आयआरने ऑक्सिजन दिलाच आहे त्याचे १६, उरले ८ हायड्रोजन. आता अनसॅच्युरेशन (रिंग आणि डबल बाँड मिळून किती) काढा, कार्बनमध्ये १ मिळवायचा, हायड्रोजन आणि हॅलोजनची बेरीज अर्धी करून वजा करायची, नायट्रोजन असेल तर त्याची अर्धी संख्या मिळवायची. ८ अधिक १ वजा ४, उत्तर ५. बेंझीन रिंगचे ४ आणि कार्बोनिलचा १, हिशोब चोख बसला.

तरीही थांबू नका, कारण याच फॉर्म्युल्याची अजून मंडळी आहेत. पॅरा-टोल्युअल्डिहाइड असतं तर बेस पीक ११९ ला आला असता, एक हायड्रोजन जाऊन, आणि आयआरमध्ये २७२०-२८२० ची जोडी दिसली असती. फिनाइल असिटाल्डिहाइड असतं तर ९१ सगळ्यात उंच असता. आपल्याकडे १०५, मग त्यातून २८ चा कार्बन मोनॉक्साइड जाऊन ७७ चांगला ठळक, आणि ४३ पण आहे, म्हणजे एका बाजूला फिनाइल, एका बाजूला मिथाइल, मधे कार्बोनिल. असिटोफिनोन.

रिंगवर दोन ग्रुप असतील तर मात्र ऑर्थो, मेटा, पॅरा यांचे मास बऱ्याचदा सारखेच दिसतात, तिथे आयआरमधला ६९० ते ८५० चा भाग थोडी मदत करतो, पॅराचं पीक साधारण ८०० ते ८५० ला येतं, पण पक्कं करायला एनएमआर (न्यूक्लियर मॅग्नेटिक रेझोनन्स, वेगळा स्पेक्ट्रम) लागतोच. आणि नाव ठरलं की मगच फिंगरप्रिंटकडे जा, त्याच कंपाउंडचा शुद्ध नमुना त्याच पद्धतीने चालवून दोन्ही ग्राफ एकावर एक ठेवा, १५०० च्या खाली एखादं ठळक पीक जरी जुळलं नाही तरी नाव खोडा आणि परत कार्बोनिलपासून सुरू करा.