कपिंग करताय? डाग काळा करण्याच्या नादात या चुका टाळा

रिओ ऑलिम्पिकमध्ये, ऑगस्ट २०१६ला, जलतरणपटू मायकेल फेल्प्सच्या खांद्यावरचे जांभळे गोल डाग साऱ्या जगाने पाहिले. ते कपिंगचे, म्हणजे आतली हवा काढून कातडीवर चिकटवलेल्या कपांचे. त्याने तिथे ५ सुवर्णपदकं जिंकली, आणि आता जिममधल्या प्रत्येकाला तसाच डाग हवाय. खरं तर आपल्याकडे हे नवं नाही. सुश्रुतसंहितेत दूषित रक्त काढायला शिंग आणि भोपळा सांगितलाय. वैदू तर गावोगाव तुंबडी लावत फिरायचे.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे डागाचा रंग बघून खूश होणं. ‘काळा पडला, म्हणजे विष निघालं!’ कसलं विष? कपातल्या ओढीने कातडी वर खेचली जाते, बारीक केशवाहिन्या फुटतात आणि रक्त त्वचेखाली साकळतं. दाराला कोपर आपटल्यावर काळंनिळं पडतं, तेच हे. पण हा समज डोक्यात बसला की पुढच्या चुका आपोआप होतात: पंप आणखी दोनदा ओढायचा, कप अर्धा तास ठेवायचा, जुना डाग जायच्या आत तिथेच पुन्हा लावायचा. मग फोड येतात. ५ ते १० मिनिटं पुष्कळ झाली. ठणका लागला तर त्याआधीच काढा. कप उपटू नका, वरची झडप उचलून हवा आत जाऊ द्या. आलेला फोड फोडू नका.

कप धरतच नाही? बहुधा जागा हाडाची किंवा केसाळ असते. मांसल भाग निवडा, थोडं तेल लावा.

धावताना मांडीत मागे ‘टच्‌’ झालं आणि सूज आली, तर तिथे कप नको. स्नायू फाटला असेल तर आधी डॉक्टर. कपिंगने दुखणं काही काळ हलकं वाटू शकतं, याचे पुरावेही तसे कच्चेच आहेत. फाटलेला स्नायू त्याने सांधत नाही. आणि पहिला प्रयोग मॅरेथॉनच्या आदल्या दिवशी तर नकोच.

रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर हा नाद सोडा. पंपाऐवजी पेल्यात काडी पेटवून ओढ आणायचे प्रयोगही घरी नकोत, पाठ भाजते.

चिरा देऊन रक्त काढणारं कपिंग, म्हणजे हिजामा, करायचं असेल तर कावीळ ‘ब’सारखे आजार रक्तातून पसरतात हे ध्यानात ठेवा. ब्लेड आणि कप तुमच्यासमोर नव्या पाकिटातून निघाले नाहीत, तर शर्ट चढवा आणि निघा. त्यांची तुंबडी दुसरं कोणी भरेल.