अमळनेरहून अमेरिकेला, स्वतःच्या खुर्चीसकट

जूनपासून मला गावाकडचे फोन सुरू होतात. कोणाचा मुलगा शिकायला येतोय, कोणाचे आईवडील नातवंडं बघायला. घरात कोणाला चालता येत नसेल, तर प्रश्न ठरलेला: "भाऊ, विमानात कसं जमंल?" माझ्या दोन्ही पायांना लहानपणी पोलिओ झाला, एकवीस वर्षं न्यू जर्सीत आहे आणि दर दुसऱ्या हिवाळ्यात, भरताच्या वांग्यांवर डोळा ठेवून, अमळनेरला येतो. म्हणून हे एकदाच लिहून ठेवतो.

तिकीट काढताना "व्हीलचेअर टाका" एवढ्यावर थांबू नका. विमान कंपन्यांच्या भाषेत तिचे तीन प्रकार आहेत. 'आर' म्हणजे जिना चढता येतो, फक्त लांब चालवत नाही. 'एस' म्हणजे जिना जमत नाही, पण विमानात आसनापर्यंत जाता येतं. 'सी' म्हणजे आसनापर्यंतसुद्धा न्यावं लागतं. त्यासाठी दोन रांगांमधून जाणारी अरुंद खुर्ची लागते, तिला आइल चेअर म्हणतात. गावातला ट्रॅव्हल्सवाला सगळ्यांना 'आर' टाकून मोकळा होतो. माझंही एकदा तसंच झालं. मुंबईत सगळं विमान रिकामं झालं आणि मी पाऊण तास आसनावर, कारण अरुंद खुर्ची कोणी मागवलीच नव्हती. आता मी छापील तिकिटावर आधी ते अक्षर बघतो, मग तारीख.

स्वतःची खुर्ची, कुबड्या, कॅलिपर (पायाला बांधायचा आधार) यांचे पैसे लागत नाहीत आणि त्या तुमच्या बॅगांच्या हिशोबातही धरल्या जात नाहीत. भारत, युरोप, अमेरिका, तिन्हीकडे. पण खुर्चीच्या पिशवीत पापड-कुरडया कोंबल्या, तर ते सामानच. आमच्या आक्काने हा प्रयोग केलेला आहे, काउंटरवर तिने घातलेला वादही मी ऐकलेला आहे.

खुर्चीचं वजन, मापं आणि बॅटरी निदान 48 तास आधी कंपनीला ईमेलने कळवा. फोनवर "हो हो" म्हणणारा माणूस विमानतळावर भेटत नाही. बॅटरीचा हिशोब सोपा आहे: व्होल्ट गुणिले अँपिअर-तास. 24 व्होल्ट, 10 अँपिअर-तास असेल तर 240 वॉट-तास. काढता येणारी लिथियम बॅटरी 300 पर्यंत चालते. ती काढायची, टोकांना चिकटपट्टी लावायची आणि हातातल्या सामानात ठेवायची. मालाच्या डब्यात नाही. आपल्या गावाकडे स्थानिक कारागिराकडून बसवलेल्या बॅटरीवर पुष्कळदा लेबलच नसतं. त्याच्याकडून आकडे लिहून, सही-शिक्क्यासह घ्या. जळगावहून उडणारी विमानं लहान असतात, जड खुर्ची मालाच्या दारातून जाईल का हे आधी विचारा. मी तरी मुंबईपर्यंत रेल्वेच धरतो.

भांडायची वेळ आली तर कोणाशी भांडायचं, हे देशागणिक बदलतं. अमेरिकेत 1986 च्या कायद्याने जबाबदारी विमान कंपनीची आहे, आणि अमेरिकेला येणाऱ्या-जाणाऱ्या परदेशी कंपन्यांनाही तो लागू आहे. अडलं तर "सीआरओ बोलवा" म्हणा; अपंग प्रवाशांच्या तक्रारी सोडवणारा हा अधिकारी प्रत्यक्ष किंवा फोनवर हजर करणं त्यांना भाग आहे. युरोपात 2006 च्या नियमाने मदत विमानतळाने द्यायची असते. फ्रँकफर्टला विमान बदलताना कंपनीच्या मुलीवर चिडून उपयोग नाही. भारतात 2022 पासून नियम स्पष्ट आहे: केवळ अपंगत्वामुळे विमानात घ्यायचं नाकारता येत नाही, प्रवासात तब्येत बिघडेल अशी शंका असेल, तर आधी डॉक्टरने प्रत्यक्ष तपासलं पाहिजे.

खुर्ची मोडली तर? माझी पायटेकणी एकदा मोडून आली. घरी जाऊन बघू म्हणालो आणि फसलो. म्हणून निघण्यापूर्वी चारी बाजूंनी फोटो काढा, उशी आणि जॉयस्टिक सुटत असतील तर काढून सोबत घ्या, आणि मोडतोड दिसली तर विमानतळ सोडण्याआधी तक्रार लिहून प्रत मागा. आंतरराष्ट्रीय प्रवासात लेखी तक्रारीची मुदत सात दिवस आहे. भरपाईची मर्यादा 1,519 एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशोबाचं एकक), म्हणजे साधारण दोन हजार डॉलर. चांगल्या इलेक्ट्रिक खुर्चीचं त्यात एक चाकही येत नाही. चेक-इनलाच जास्त किमतीचं लेखी घोषणापत्र देता येतं, त्याबद्दल विचारा. कंपनी त्याचे वेगळे पैसे घेऊ शकते. अमेरिकेतल्या अमेरिकेत मात्र खुर्चीच्या मूळ खरेदी किमतीइतकी जबाबदारी कंपनीवर असते, म्हणून बिल जपा.

आता थोडं कडू. रोज मळ्यात दोन फेऱ्या मारणाऱ्या नानांसाठी, केवळ इंग्रजी येत नाही म्हणून, व्हीलचेअर घेऊ नका. फेब्रुवारी 2024 मध्ये मुंबई विमानतळावर खुर्च्या कमी पडल्या, 80 वर्षांचे एक गृहस्थ पत्नीच्या खुर्चीसोबत चालत निघाले आणि वाटेत कोसळून दगावले. विमान कंपनीला 30 लाखांचा दंड झाला. भाषेची अडचण असेल तर 'मीट अँड असिस्ट', म्हणजे वाट दाखवायला सोबत माणूस, मागा, आणि नानांच्या खिशात इंग्रजीत पत्ता, फोन आणि पुढच्या विमानाचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी ठेवा. चिठ्ठी पुरते, मी पाहिलंय.

स्वतःची खुर्ची विमानाच्या दारापर्यंत न्या, तिथेच सामानाची चिठ्ठी बांधून घ्या आणि "उतरताना दारातच हवी" असं सांगा. उतरताना बाकीचे जातील, सफाईवाले आत येतील, कोणी तुम्हाला कंपनीच्या खुर्चीत बसा म्हणेल. तुमची खुर्ची दारात आली का, हे विचारल्याशिवाय आसन सोडू नका.