गोटू दुर्बीण भलतीकडेच वळतेय? या चुका टाळा

२०२५ ची त्रिपुरारी पौर्णिमा. ठाण्यात आमच्या सोसायटीच्या गच्चीवर शेजारच्या विंगमधला नववीतला मुलगा नवीकोरी गोटू दुर्बीण, म्हणजे नाव निवडलं की मोटरने आपोआप त्या वस्तूकडे वळणारी संगणकीय दुर्बीण, मांडून बसला होता. आग्नेयेला शनी नुसत्या डोळ्यांनी स्वच्छ दिसत होता आणि हँडसेट, म्हणजे दुर्बिणीचा रिमोट, सांगत होता की शनी क्षितिजाखाली आहे. "काका, मशीनच खराब आलंय, उद्या परत करतो," म्हणताना पोरगं रडवेलं झालं होतं. मी सेटिंगमध्ये जाऊन तारीख पाहिली. ५ नोव्हेंबर म्हणून त्याने ०५/११ घातलं होतं. बहुतेक हँडसेट आधी महिना मागतात, मग दिवस. म्हणजे दुर्बिणीच्या लेखी ती ११ मेची संध्याकाळ होती, आणि त्या मे महिन्यात शनी पहाटे उगवत होता. आकडे उलटे केले आणि दहा मिनिटांत शनीची कडी दिसली.

म्हणून मोटरवर किंवा गिअरवर खापर फोडण्याआधी चूक कुठल्या जातीची आहे ते ओळखा. दुर्बीण पहिल्याच ताऱ्याला दहा-वीस अंश चुकते का? तारे नीट लागतात, पण चंद्र आणि ग्रह हुकतात का? की वस्तू लागते, पण दोन मिनिटांत आयपीसमधून (डोळा लावायच्या भिंगातून) निसटते? या तिन्हींची कारणं वेगळी आहेत.

पहिल्याच ताऱ्याला मोठी चूक असेल तर वेळ तपासा. आकाश ४ मिनिटांत १ अंश सरकतं, म्हणजे तासाची चूक १५ अंशांची. 'डेलाइट सेव्हिंग' (उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करणं) आपल्याकडे नाही, तो पर्याय बंदच हवा. टाइम झोन +५:३० ऐवजी +५ राहिला तर साडेसात अंश गेले. रात्रीचे आठ घालताना एएम राहिलं, तर विचारायलाच नको. ठिकाणाच्या बाबतीत मात्र लोक उगाच घाबरतात. ठाणे साधारण १९ अंश १२ मिनिटं उत्तर, ७२ अंश ५८ मिनिटं पूर्व. फोन १९.२० दाखवतो आणि घाईत १९ अंश २० मिनिटं घातलं जातं. चूक आहे, पण किरकोळ. ठाण्याचे आकडे ठेवून खारघरला निरीक्षण केलंत तरी काही बिघडणार नाही. पूर्वेच्या जागी पश्चिम निवडलं गेलं, तर मात्र सगळं आकाश फिरतं.

तारे लागतात आणि ग्रह हुकतात, हा संकेत फार उपयोगाचा. दोन ताऱ्यांवर अलाइनमेंट केली, म्हणजे ओळखीचे दोन तारे मध्यभागी आणून दुर्बिणीला आकाशाची ओळख करून दिली, की ताऱ्यांपुरती वेळेची चूक झाकली जाते. ग्रह आणि चंद्र यांच्या जागा मात्र तारखेवरून काढल्या जातात. चंद्र ताऱ्यांमधून तासाला साधारण अर्धा अंश, म्हणजे स्वतःच्या रुंदीइतका सरकतो. तो पुन्हा पुन्हा बाजूला पडत असेल, तर तारीख आणि वेळ परत पाहा.

आता सगळ्यात जास्त होणारी चूक: अलाइनमेंटसाठी धरलेला ताराच चुकीचा. आपण स्वाती, चित्रा, अभिजित म्हणतो. हँडसेट आर्क्ट्युरस, स्पायका, व्हेगा म्हणतो. ही जोडी कागदावर लिहून सोबत ठेवा, मी अजून ठेवतो. पुनर्वसूचे दोन तारे, कॅस्टर आणि पोलक्स, साडेचार अंशांवर आहेत, त्यांची अदलाबदल नेहमी होते. २०२६ च्या जानेवारीत गुरूही तिथेच मिथुन राशीत होता, आणि झगमगीत गुरूलाच पोलक्स समजून बटण दाबलं जाण्याची पूर्ण शक्यता होती. शहरातल्या आकाशात चार-पाचच ठिपके दिसतात, म्हणून फसगत होते. दोन तारे एकमेकांपासून लांब घ्या, ६० ते ९० अंश अंतर उत्तम. अगदी डोक्यावरचा नको, खाडीच्या धुरकट पट्ट्यातला नको.

तारा मध्यभागी आणतानाही घाई करू नका. जास्त मोठं दाखवणारा आयपीस लावा, फोकस थोडा बिघडवून ताऱ्याची चकती करा आणि ती वर्तुळाच्या बरोबर मध्ये आणा. गिअरमध्ये थोडा प्ले, म्हणजे ढिलेपणा, असतोच. त्यामुळे शेवटचा धक्का नेहमी 'वर' आणि 'उजवी' या बटणांनीच द्या. पुढे गेलात तर मागे नेऊन पुन्हा त्याच दिशेने या. फाइंडर (नळीवरची नेम धरायची छोटी दुर्बीण) दिवसाउजेडी, सूर्यापासून दूर, ऐरोलीच्या एखाद्या लांबच्या हायटेन्शन टॉवरवर जुळवून ठेवा.

हँडसेट अधूनमधून रीसेट होतो किंवा दुर्बीण वळता वळता थांबते? ती विजेची तक्रार आहे. पेन्सिल सेल वळतानाच दम तोडतात. १२ व्होल्टचा, पुरेशा अँपिअरचा पुरवठा घ्या आणि पिन घट्ट बसते ना, ते पाहा. पावसाळाभर कपाटात राहिलेल्या माउंटच्या (दुर्बीण पेलून फिरवणाऱ्या बैठकीच्या) संपर्कपट्ट्यांवर हिरवट थर चढतो, तो आधी पुसा.

वस्तू निसटत असेल तर आधी क्लच (अक्ष आवळून धरणारी कळ) घट्ट आहे का बघा, मग नळीचा तोल. ट्रॅकिंग, म्हणजे वस्तूमागे सरकत राहणं, ताऱ्यांच्या वेगावर आहे की चंद्राच्या, हेही पाहा. गोलार्ध 'दक्षिण' राहिला असेल, तर विषुववृत्तीय माउंट, म्हणजे ज्याचा एक अक्ष आकाशाच्या ध्रुवाकडे रोखलेला असतो ते, उलटं फिरतं आणि वस्तू दुप्पट वेगाने पळते.

अशा माउंटला ध्रुव साधावा लागतो आणि इथे आपली खरी अडचण आहे. ध्रुव तारा ठाण्यातून जेमतेम १९ अंशांवर, हात ताणून दोन मुठींपेक्षा कमी उंचीवर. उत्तरेला घोडबंदरचे टॉवर आडवे येतात. होकायंत्र घ्या, पण लोखंडी कठडा आणि टाकीपासून लांब जाऊन बघा. मग बारीक जुळणी ताऱ्याच्या सरकण्यावरून करा. जानेवारीच्या मध्यात रात्री साडेदहाच्या सुमारास मृगातला बाण दक्षिणोत्तर रेषेवर येतो. त्यातला एक तारा मध्ये रेषांची फुली असलेल्या आयपीसमध्ये धरा. तो दक्षिणेकडे सरकला तर माउंटचा अक्ष पूर्वेला जास्त वळलाय, उत्तरेकडे सरकला तर पश्चिमेला. मग पूर्व क्षितिजाजवळचा तारा घ्या. तो दक्षिणेकडे सरकला तर अक्ष खाली आहे, उत्तरेकडे सरकला तर वर. पाच मिनिटं तारा रेषेवर टिकेपर्यंत माउंटचा अक्ष हलवणारे बोल्ट पाव-पाव फेरा फिरवत राहा.