पाहुणा संघ नौदलाच्या तळावर येण्यापूर्वी

१९४४ च्या उन्हाळ्यात शिकागोच्या उत्तरेला, मिशिगन सरोवराच्या काठी असलेल्या ग्रेट लेक्स नौदल प्रशिक्षण केंद्रावर एखाद्या व्यावसायिक बेसबॉल संघाला प्रदर्शनीय सामन्यासाठी बोलवायचे असते, तर व्यवस्था पाहणाऱ्याने काय काय आधी करून ठेवावे लागले असते, त्याची ही यादी त्याच्या जागी स्वतःला ठेवून केली आहे.

पहिली गोष्ट तारखेची, आणि तारीख ठरते ती रेल्वेवरून. कब्स किंवा व्हाइट सॉक्स या शिकागोच्या संघांशी खेळायला आलेल्या संघाचा मोकळा दिवस हेरावा, म्हणजे नॉर्थ शोर कंपनीच्या विजेच्या गाडीने तो सकाळी तळावर येऊन संध्याकाळी परत जाऊ शकतो. केवळ या सामन्यासाठी लांबचा प्रवास करावा लागेल अशी तारीख सुचवूच नये. गाड्यांवर सैनिकांचा आणि मालाचा भार इतका आहे की १९४३ पासून संघांनी वसंतातील सरावसुद्धा फ्लोरिडात न करता उत्तरेतच करावा असे ठरले, आणि शिकागोचे दोन्ही संघ इंडियानातील फ्रेंच लिक गावी थंडीत सराव करू लागले.

सामन्याची वेळ दुपारची ठेवावी. रात्रीच्या सामन्यांची संख्या वाढवावी असे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी जानेवारी १९४२ मध्ये लिहिलेल्या पत्रात सुचवले होते खरे, पण त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये मैदानांच्या दिव्यांमुळे समुद्रातील जहाजे शत्रूच्या पाणबुड्यांना दिसतील या भीतीने रात्रीचे सामने थांबवावे लागले. ६ जुलै १९४२ चा, अमेरिकन आणि नॅशनल या दोन लीगमधील निवडक खेळाडूंचा ऑल-स्टार सामना पावसामुळे उशिरा सुरू झाला आणि न्यूयॉर्क शहरात दिवे बंद ठेवण्याच्या युद्धकालीन सरावाला दोनच मिनिटे उरली असताना संपला. जिंकलेला अमेरिकन लीगचा संघ लगेच क्लीव्हलंडला निघाला, कारण दुसऱ्याच दिवशी त्याला सैन्यदलांतील निवडक खेळाडूंशी खेळायचे होते.

खेळाडूंची यादी करताना सर्वांत जास्त काळजी घ्यावी आणि ती पेन्सिलीनेच लिहावी. आज आपल्याकडे असलेला पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा खेळाडू, उद्या जहाजावर असू शकतो. क्लीव्हलंडच्या त्या सामन्यात सैन्यदलांकडून गोलंदाजीला सुरुवात करणारा बॉब फेलर पुढे ‘अलाबामा’ या युद्धनौकेवर तोफेपाशी गेला, हे विसरू नये. सध्या मात्र आपली बाजू भक्कम आहे: व्यवस्थापक मिकी कॉक्रेन, आणि पिचर म्हणून व्हर्जिल ट्रक्स व स्कूलबॉय रो. या मोसमाच्या अखेरीस आपल्या संघाने ४८ सामने जिंकलेले आणि फक्त २ गमावलेले असतील. तेव्हा पाहुण्यांना आधीच स्पष्ट कळवावे की मोकळ्या दिवसाची करमणूक समजून चौथ्या-पाचव्या क्रमांकाचा पिचर आणू नये. व्यावसायिक संघांतील चांगले खेळाडू लष्करात आणि उरलेले संघात, अशी स्थिती असल्याने खरा व्यावसायिक संघ कोणता, हा प्रश्न प्रेक्षकांना पडणारच.

चेंडूंची पेटी स्वतः उघडून पाहावी. रबर युद्धाकडे वळल्यामुळे १९४३ च्या मोसमाच्या सुरुवातीला चेंडूच्या गाभ्यात बलाटा नावाचा झाडाचा चीक वापरला गेला, आणि तो चेंडू इतका निर्जीव ठरला की बॅटवर नीट बसलेला फटकासुद्धा लांब जाईना. तो लवकरच बदलला गेला, तरी पेटीच्या तळाशी जुना माल राहिलेला असू शकतो. एक चेंडू हातात घेऊन सिमेंटवर आपटून पाहावा, त्यात कळते. प्रेक्षकांत गेलेल्या चेंडूंचीही व्यवस्था हवी. क्रिकेटमध्ये चेंडू परत येतो, बेसबॉलमध्ये तो ज्याच्या हाती लागला त्याचा होतो, पण युद्धकाळात मोठ्या मैदानांवरचे लोक तो परत फेकत आणि ते चेंडू सैनिकांच्या तळांवर पाठवले जात. आपल्या तळावरच्या खलाशांना मात्र हे आधी सांगून ठेवणे बरे.

बसण्याच्या जागा आणि पैसा यांचा विचार येथे थोडक्यात आटोपतो, कारण प्रेक्षक म्हणजे प्रशिक्षणार्थी खलाशी. निधी जमवायचा असेल तर सामना शहरातील मैदानावर न्यावा. क्लीव्हलंडच्या १९४२ मधल्या त्या सामन्याला ६२,०९४ लोक आले होते आणि सैन्यदलांचा संघ ५-० हरला तरी गर्दीबाबत कोणाची तक्रार नव्हती.

एक जागा या यादीत रिकामी राहते आणि ती झाकू नये. तळावर कृष्णवर्णीय खलाशीही प्रशिक्षण घेत आहेत, पण त्यांची राहण्याची छावणी वेगळी आणि बेसबॉलचा संघही वेगळा. त्यांच्यातलाच लॅरी डोबी १९४७ मध्ये अमेरिकन लीगमधील पहिला कृष्णवर्णीय खेळाडू होणार आहे. पाहुण्यांसमोर उतरणाऱ्या संघाच्या कागदावर त्याचे नाव लिहिण्याची मुभा व्यवस्थापकाला नाही.

सामन्याच्या दिवशी सकाळी न्याहारीपूर्वी बदल्यांच्या आदेशांचा ताजा कागद मागवावा, पेन्सिलीची यादी त्याच्याशी ताडून पाहावी, खोडरबर जवळ ठेवावे आणि त्यानंतरच नावे फळ्यावर लिहायला सांगावीत.