वर्गात शिक्का नको, नोंद हवी: शिक्षकांसाठी कामाची पद्धत

जूनमध्ये नवा वर्ग हाती आला की आठ-दहा दिवसांत शिक्षकाच्या डोक्यात कप्पे पडतात: हुशार, बरी, ढ, मस्तीखोर, 'घरून काही करून घेत नाहीत'. चाळीस मुलं एका वेळी सांभाळायची तर डोकं असं वर्गीकरण करणारच, ते मुळातून बंद करता येत नाही. पण कप्पा कशाबद्दलचा आहे, किती दिवस टिकेल आणि मुलांना दिसेल की नाही, हे शिक्षकाच्या हातात असतं. शिक्क्याला तारीख नसते, नोंदीला असते. पुढची सगळी पद्धत या एका फरकावर उभी आहे.

पहिला आठवडा: फक्त मोजा

हजेरीपटात एक कोरा कागद ठेवा. दिवसभरात मुलाबद्दल जे विशेषण तोंडातून गेलं ते आणि मुलाचा हजेरी क्रमांक, एवढंच लिहा. शिक्षकांच्या खोलीत बोललेलंही धरा, तिथेच जास्त सापडतं. या आठवड्यात स्वतःला सुधारायला जाऊ नका. बोलणं आवरलं की कागद कोरा राहतो आणि कळत काहीच नाही.

त्याच आठवड्यात एका सहकाऱ्याला दोन तासिका मागे बसवा. प्रश्न कुणाला विचारला आणि उत्तरासाठी किती सेकंद थांबलात, एवढंच त्यांनी टिपायचं. अमेरिकन शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी 1970च्या दशकात वर्गांतलं बोलणं ध्वनिमुद्रित करून मोजलं, तेव्हा शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतात असं दिसलं. तीन सेकंद थांबलं की उत्तरं लांबतात आणि एरवी गप्प असणारी मुलंही बोलू लागतात. 'याला येणार नाही' असं ज्याच्याबद्दल आधीच ठरलेलं असतं, त्याच्यापाशी आपण सर्वांत कमी थांबतो. मनात एक-दोन-तीन म्हणा आणि मगच पुढच्या मुलाकडे वळा.

शिक्क्याची नोंद करणं

कागदावरचं एकेक विशेषण घ्या आणि त्यामागे प्रत्यक्ष काय पाहिलं ते लिहा. नोंदीत तीन गोष्टी हव्यात: कोणतं काम, नेमकं काय झालं, तारीख.

'गणितात ढ' हा शिक्का. त्याच्या वहीत 502 वजा 178 चं उत्तर 476 आलेलं असतं. हे आकडे अंदाजाने आलेले नाहीत. प्रत्येक घरात त्याने मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला: 8 मधून 2, 7 मधून 0, 5 मधून 1. मग नोंद होते: 'हातच्याची वजाबाकी: 5 पैकी 1 बरोबर, हातचा घेतच नाही, 12 जुलै.' यावर उपाय आहे. दशकाचे गठ्ठे आणि सुट्या काड्या घेऊन तीन-चार तासिका बसलं की बहुतेकांचं सुटतं. 'ढ' वर उपाय नाही.

'आळशी, फळ्यावरचं उतरवून घेत नाही' असं वाटलं तर आधी डोळे पाहा. सहा मीटरवरून, एकेक डोळा झाकून, दृष्टितक्त्यावरची अक्षरं वाचायला सांगा. ऐकू येण्याचीही खात्री करा: पाठीमागे उभं राहून हळू आवाजात नाव घ्या. शंका आली तर शाळेत आरोग्य तपासणीचं पथक येईल तेव्हा ते नाव यादीत सर्वांत वर असावं.

'बोलतच नाही' मागे अनेकदा घरची भाषा असते. गोंडी, कोरकू किंवा पावरी बोलणारं लेकरू पहिलीत गप्प बसतं, कारण पुस्तकातली मराठी त्याच्यासाठी नवी असते. अहिराणी, वऱ्हाडी किंवा मालवणी बोलणाऱ्याला 'गावठी' म्हटलं की तेही गप्प होतं. घरच्या भाषेतलं उत्तर स्वीकारा, मग तेच वाक्य पुस्तकी मराठीत स्वतः म्हणून दाखवा.

'सतत गैरहजर' बद्दलही तेच. ऊसतोडीला गेलेल्या घरातलं मूल दिवाळीच्या सुमारास जातं आणि मार्च-एप्रिलला परततं. 'कोणता घटक बुडाला' ही नोंद केली तर पुढे काय शिकवायचं ते कळतं.

चांगल्या शिक्क्यांनाही हेच लावा, कारण 'हुशार' तितकाच अडकवतो. क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांच्या 1998च्या अभ्यासात हुशारीबद्दल कौतुक झालेल्या मुलांनी पुढे सोपी कामं निवडली आणि एकदा अपयश आल्यावर त्यांची कामगिरी घसरली. मेहनतीबद्दल कौतुक झालेल्यांची घसरली नाही. 'तू आकृती काढून घेतलीस म्हणून उदाहरण सुटलं' असं म्हणा.

बसण्याची जागा

शेवटचा बाक हाही शिक्काच आहे. एका रांगेत पाच बाक, बाकावर दोघं असतील तर दर सोमवारी डावीकडच्याने एक बाक पुढे आणि उजवीकडच्याने एक बाक मागे सरकायचं; टोकाला पोचलेला दुसऱ्या टोकाला जातो. पाच आठवड्यांत प्रत्येकाला पाचही जागा आणि पाच वेगळे सोबती मिळतात. रांगेत चार किंवा सहा बाक असतील तर हे फसतं, ठरावीक जोड्याच परत येतात. तिथे एका आठवड्यात फक्त डावे पुढे आणि पुढच्या आठवड्यात फक्त उजवे मागे. कमी दिसणारी-ऐकू येणारी मुलं पहिल्या दोन बाकांतच फिरवा.

गट करायचे तर

पातळीनुसार गट करणं वाईट नाही. 'प्रथम' या शिक्षणात काम करणाऱ्या स्वयंसेवी संस्थेच्या पद्धतीत मूल अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट यांपैकी कुठवर वाचतं ते पाहून गट होतात, आणि त्याचा उपयोग होतो तो गट बदलत राहतात म्हणून. चार ते सहा आठवड्यांनी पुन्हा वाचायला लावून गट नव्याने करा. वाचनाचे गट गणिताला वापरू नका. गटांना 'वाघ' आणि 'कासव' अशी नावं दिलीत तर मुलं पहिल्याच दिवशी अर्थ ओळखतात. 'खिडकीजवळचा', 'दाराजवळचा' पुरे.

जात, शिष्यवृत्ती, आरटीई

सर्वांत जास्त इजा इथे होते, आणि तीही बहुतेक वेळा केवळ कामाच्या घाईत. 'एससी-एसटीवाले उभे राहा, फॉर्म भरायचे आहेत' हे वाक्य वर्गात कधीही उच्चारू नये. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशात सहावी-सातवीच्या मुलग्यांना भूलभुलैया सोडवायला दिले होते. अभ्यास 2006 साली प्रसिद्ध झाला. जात जाहीर केली नव्हती तेव्हा दलित आणि उच्चवर्णीय मुलं जवळपास सारखीच होती. सर्वांसमोर नाव-गाव-जात वाचून दाखवल्यावर दलित मुलांची कामगिरी 20 टक्क्यांहून जास्त घसरली. मुलं तीच होती, कोडीही तशीच.

माहिती जनरल रजिस्टरमध्ये आधीच असते. त्यावरून यादी करा आणि पालकांना एकेकट्याने फोन करा. कागद द्यायचाच असेल तर वर्गातल्या प्रत्येक मुलाला बंद पाकीट द्या: कुणाच्या पाकिटात शिष्यवृत्तीची सूचना, कुणाच्या नुसतं सहामाहीचं वेळापत्रक. जातीचा, उत्पन्नाचा दाखला मुलाच्या हाती मागवू नका, तो पालकांकडून कार्यालयात घ्या.

शिक्षण हक्क कायद्याखाली (आरटीई) खासगी शाळेत राखीव 25 टक्के जागांवर आलेल्या मुलांसाठी 'आरटीईवाला' हा शब्द हजेरीपटावर, पालकांच्या व्हॉट्सअॅप गटाच्या नावात किंवा सहलीच्या यादीत कुठेही नको. त्यांना वेगळ्या वर्गात किंवा वेगळ्या वेळी बसवायला कायद्याच्या केंद्रीय नियमांत स्पष्ट मनाई आहे. सहलीचे पैसे वर्गात मोजून घेतले तर कुणी दिले नाहीत ते सगळ्यांना कळतं. ते कार्यालयातच भरून घ्या.

पेपर तपासताना

नावाचा कोपरा दुमडून घ्या. आधी सर्वांचा पहिला प्रश्न तपासा, मग सर्वांचा दुसरा. म्हणजे एका उत्तराची छाप पुढच्यावर पडत नाही. रेमा हन्ना आणि ली लिंडन यांनी भारतातल्या शिक्षकांना दिलेल्या पेपरांवर मुलांची जात चिठ्ठ्या टाकल्यासारखी लावली होती. 'खालच्या' जातीचं मूल असं लिहिलेल्या पेपरांना थोडे कमी गुण पडले, आणि हा फरक सुरुवातीला तपासलेल्या पेपरांत जास्त होता, म्हणजे गुण कसे द्यायचे हे मनात पक्कं व्हायच्या आधी. म्हणून आधी पाच-सहा पेपर नुसते वाचा, गुणांची विभागणी कागदावर लिहा आणि मगच लाल पेन हातात घ्या.

वर्ग पुढे देताना

एप्रिलअखेर 'तो ना, जरा सांभाळून' असं एक वाक्य पुढच्या शिक्षकाच्या कानी जातं आणि वर्षभराच्या नोंदी वाया जातात. रॉबर्ट रोझेन्थाल आणि लिनोर जेकबसन यांनी एका अमेरिकन प्राथमिक शाळेत चिठ्ठ्या टाकल्यासारखी काही मुलं निवडली आणि ती यंदा फुलतील असं शिक्षकांना सांगितलं. 1968 साली त्यांनी पहिली-दुसरीत तसा फरक पडल्याचं मांडलं. वरच्या इयत्तांत तो दिसला नाही, आणि पुढच्या अभ्यासांत परिणाम बराच लहान निघाला. तरी लहान वर्गांपुरती काळजी घ्यावीच.

प्रत्येक मुलाची अर्ध्या पानाची चिठ्ठी करा: काय येतं, कुठे अडतं, काय केल्यावर सुटलं, शेवटची तारीख. स्वभावाबद्दल एक शब्दही नको. चिठ्ठ्या पाकिटात घालून द्या आणि पाकिटावर लिहा: 'दोन आठवडे शिकवल्यानंतर उघडावे.' आजार, औषधं किंवा घरात मुलाला धोका असेल तर ते मात्र पहिल्याच दिवशी, दार लावून, तोंडी सांगा.