मॉसमध्ये कीटकभक्षी रोपं वाढवताय? या चुका टाळा

पहिल्या पावसाळ्यात माझ्या कुंडीत ड्रोसेराची, म्हणजे चिकट पानांनी किडे पकडणाऱ्या वनस्पतीची, तीसेक रोपं उगवली आणि ऑगस्टअखेर एकही दिसेना. भिंग घेऊन पाहिलं, तर दोन-तीन रोपं मॉसच्या, म्हणजे कुंडीत भरलेल्या स्फॅग्नम या शेवाळासारख्या वनस्पतीच्या, शेंड्यांखाली पिवळी पडून दबलेली सापडली. बाकीची मॉसनं गिळली होती.

जिवंत स्फॅग्नमला माती समजणं ही सगळ्यात मोठी चूक. तो शेंड्याकडून सतत वाढतो, आणि बेळगावच्या झिमझिम पावसात तर जोमानं वाढतो. ड्रोसेराचं कोवळं रोप मोहरीएवढं, जमिनीला चिकटून बसणारं. त्याला वर येता येत नाही. म्हणून खाली जिवंत मॉस असला तरी वरचा थर वाळक्या, बारीक कातरलेल्या मॉसचा द्या आणि बी त्यावर पेरा. रोप बोटाच्या नखाएवढं झालं की जिवंत मॉसमध्ये हलवा. त्यानंतरही आठवड्याला छोट्या कात्रीनं आजूबाजूचे शेंडे छाटायचे. दबलेलं रोप उपटू नका. टूथपिकनं खालच्या झुबक्यासकट उचलून वर बसवा.

बी मातीनं झाकू नका. ते धुळीसारखं बारीक असतं आणि रुजायला त्याला उजेड लागतो.

पाण्यानं तर आपल्याकडे घात होतोच. बोअरच्या पाण्यातले क्षार कुंडीत साचतात. आधी मॉसचे शेंडे तपकिरी पडतात, मग रोपं जातात. कौलांवरचं पावसाचं पाणी धरा, पहिल्या एक-दोन सरी सोडून. सिमेंटच्या गच्चीवरून उतरलेलं टाळा, त्यात चुना येतो. उन्हाळ्यात साठा संपला तर आरओचं चालतं. ताटलीत बोटभर पाणी पुरे.

शेणखत, गांडूळखत, कसलंही खत नको. या वनस्पतींची मुळं नापीक जागेसाठीच घडलीत, खतानं ती जळतात. एप्रिलमध्ये कुंडीवर काच किंवा प्लास्टिक ठेवून उन्हात ठेवलंत, तर रोपं आत शिजतील.

बेळगावजवळच्या जांबोटी-चोर्ल्याच्या सड्यांवरून, म्हणजे कातळी पठारांवरून, रोपं उपटून आणू नका, ही कळकळीची विनंती. जांभ्यावरच्या त्या पातळ ओल्या थरातून निघालेलं रोप घरी सहसा जगत नाही, आणि तिथलं बी मात्र त्या वर्षापुरतं कमी होतं.

ड्रोसेरा बर्मानी फुलून गेल्यावर काळवंडली तर घाबरू नका. तिचं आयुष्यच एका हंगामाचं. वाळलेली बोंडं कोऱ्या कागदावर झटका. काळी भुकटी पडेल, तेच पुढच्या पावसाळ्याचं बी.